अवेळेची व्याख्या

इंजिनीअरिंग संपल्यावर पहिली अडीच वर्षं मी पुण्यातल्या एका कंपनीत डायलर लिहीत होतो. डायलर म्हणजे कॉल सेंटरमधलं ते सॉफ्टवेअर, जे यादीतला पुढचा नंबर उचलतं, फिरवतं आणि पलीकडून कुणी ‘हॅलो’ म्हणालं की तो कॉल मोकळ्या बसलेल्या एजंटच्या कानात सोडतं. नंबर निवडणं, लावणं, किती वेळा वाजू द्यायचं हे ठरवणं, यातलं काहीच एजंटच्या हातात नसतं. आमचे सगळे ग्राहक अमेरिकेतले होते. माझ्या वाट्याला त्या सगळ्या पसाऱ्यातलं एक छोटं फंक्शन आलं होतं. त्याला फोन नंबर द्यायचा आणि त्याने एवढंच सांगायचं: या नंबरला आत्ता फोन केलेला कायद्याला चालतो का? हो किंवा नाही. सगळ्या मिळून चाळीसेक ओळी.

त्या चाळीस ओळींसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा कायद्याचा मजकूर मुळातून वाचला. कादंबरी वाचायची सवय असलेल्या माणसाने कायदा वाचायला घेतला की त्याचं एक होतं. तो त्यात पात्रं शोधायला लागतो. इथे कोण बोलतंय, कुणाशी, घर कसं आहे, किती वाजलेत? टेलिमार्केटिंगच्या वेळांचे कायदे या दृष्टीने फार वाचनीय आहेत, कारण त्यांना माणसाच्या दिवसाचं चित्र काढावंच लागतं. वेळ कुठली आणि अवेळ कुठली, हे ठरवल्याशिवाय त्यांचं पहिलं वाक्यसुद्धा पूर्ण होत नाही.

अमेरिकेचं वाक्य आधी घेऊ, कारण माझी रोजीरोटी त्याच्यावर होती. तिथे १९९१ मध्ये काँग्रेसने टेलिफोन ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा केला. टीसीपीए या नावाने तो ओळखला जातो. त्यात वेळा दिलेल्या नाहीत. त्या दिल्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाने, १९९२ च्या नियमांत. नियमाचा आशय असा: घरगुती टेलिफोनधारकाला सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर विक्रीसाठी फोन करायचा नाही, आणि मग एक कंस, ज्यात म्हटलंय की ही वेळ ज्याला फोन करायचा त्याच्या ठिकाणची धरायची. १९९५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानेही आपल्या नियमांत हेच आठ ते नऊ घेतलं. आजही तेच चालू आहे.

मला या वाक्यात सगळ्यात जास्त आवडतो तो कंस. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा फार तर न्यूयॉर्कमधून कॅलिफोर्नियाला लागणारा फोन असणार. तीन तासांचा फरक. पण त्या कंसाने पुढे जे केलं ते त्याच्या कल्पनेतही नसेल. थंडीच्या दिवसांत न्यूयॉर्कला सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, आणि कॅलिफोर्नियात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेदहा. म्हणजे अमेरिकन माणसाची झोप शाबूत राहावी म्हणून टाकलेला तो कंस इथे हिंजवडीत आणि मालाडला रात्रीच्या कॅब फिरवतो. मार्चमध्ये तिकडे घड्याळं पुढे सरकली की इकडे शिफ्ट एक तास आधी सुरू होते, नोव्हेंबरमध्ये पुन्हा एक तास नंतर. आमच्या कँटीनवाल्याला हे कुठल्याही वकिलापेक्षा नीट माहीत होतं. तो त्या आठवड्यात पोहे वेगळ्या वेळेला लावायचा.

त्या वाक्यातला फोनही बघा कसा आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा, सगळ्या घराचा मिळून एक, वाजला की घरभर ऐकू जाणारा. फ्रिट्झ हॉलिंग्ज नावाच्या सिनेटरने तेव्हा सभागृहात या फोनांबद्दल बराच त्रागा केला होता. सकाळी झोपमोड करतात, रात्रीच्या जेवणात व्यत्यय आणतात, आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना बिछान्यातून उठायला लावतात, अशी ती तक्रार होती. गंमत म्हणजे या तिन्हींतली जेवणाची तक्रार सगळ्यांच्या तोंडी होती आणि नियमात नेमकी तीच गायब आहे. अमेरिकन घरात रात्रीचं जेवण सहा-सातच्या सुमारास होतं. आठ ते नऊच्या पट्ट्यात ते अख्खंच्या अख्खं येतं. मजकुराने झोप वाचवली आणि ताट सोडून दिलं. घर माणसांनी भरलेलं असतं तीच वेळ विकणाऱ्याला सगळ्यात जास्त हवी असते, आणि ती त्याच्याकडेच राहिली.

फ्रान्सचा मजकूर वाचला की हे जास्त जाणवतं. मार्च २०२३ पासून तिथे नियम असा होता: सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते एक आणि दुपारी दोन ते रात्री आठ. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फोन बंद. एकाच कंपनीकडून एका माणसाला तीस दिवसांत चारच वेळा फोन. एक ते दोनची ती फट बघा. संपूर्ण सरकारी यंत्रणेने गंभीर चेहऱ्याने बसून लिहून ठेवलंय की या वेळेत आमची माणसं जेवतात. ऑस्ट्रेलियात रविवारी फोन करायचा नाही. कॅनडात शनिवार-रविवारी संध्याकाळी सहानंतर नाही. प्रत्येक देशाने आपापलं घर नियमात उतरवून ठेवलंय.

आपल्याकडे या प्रकारचं लेखन कायद्याच्या कितीतरी आधी दारावर झालंय. ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.’ पुणेरी पाट्यांना आपण इतके हसलोय की त्या मुळात काय आहेत ते विसरलो. घराने बाहेरच्या जगाला आखून दिलेली ती वेळ आहे. फ्रेंच नियम वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, हे तर सदाशिव पेठेतलं आहे, फक्त शिक्का सरकारी.

आणि मग मी ट्रायचे नियम वाचले आणि चाट पडलो. ट्राय म्हणजे आपलं दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्यांनी २००७ मध्ये पहिल्यांदा नको असलेल्या फोनांविरुद्ध नियम केले, नोंदणी यादी काढली. २०१० च्या नियमांनी रात्री नऊ ते सकाळी नऊ सगळा व्यापारी संवाद बंद केला. इथपर्यंत अमेरिकेचाच वळसा होता. २०१८ चा मजकूर मात्र वेगळ्याच माणसाने लिहिलाय असं वाटतं. त्यात चोवीस तासांचे नऊ तुकडे केलेत. मध्यरात्र ते सहा, सहा ते आठ, मग दोन-दोन तासांचे पाच, मग सहा ते नऊ, आणि नऊ ते मध्यरात्र. आठवड्याचे सात दिवस वेगळे आणि सार्वजनिक सुट्ट्यांचा आठवा प्रकार. म्हणजे ७२ चौकोन. तुम्ही १९०९ ला कळवायचं, की बँकवाल्यांनी मला मंगळवारी आठ ते दहा या वेळेत फोन केला तर चालेल, घर विकणाऱ्यांनी फक्त रविवारी, आणि दुपारी दोन ते चार कुणीच नको. वामकुक्षीला भारताच्या राजपत्रात जागा मिळाली आहे. याचा महाराष्ट्रात कुठे सत्कार झाल्याचं मला आठवत नाही.

मी गंमत करतोय, पण खरंच, वेळेबद्दल इतकं उदार काही मी दुसऱ्या कुठल्या देशाच्या नियमांत वाचलेलं नाही. इतर देश सांगतात, नागरिकाचा दिवस असा असतो. हा मजकूर विचारतो, तुमचा दिवस कसा असतो? रात्रपाळीच्या नर्सला, सकाळी दहाला झोपणाऱ्या आमच्या एजंटांना, पहाटे चारला उठणाऱ्या दूधवाल्याला स्वतःची अवेळ स्वतः ठरवायची मुभा देणारा हा एकटाच.

आणि त्याला वाचकच नाही. मी ओळखीच्या तीसेक जणांना विचारलं, बहुतेक सगळे सॉफ्टवेअरमधले. डीएनडी सगळ्यांना माहीत होतं. दोन-दोन तासांच्या तुकड्यांबद्दल एकानेही ऐकलं नव्हतं. वाचक नसल्याचं कारण अज्ञान एवढंच नाही. हा मजकूर ज्या पात्राला उद्देशून आहे ते पात्र आपल्या गोष्टीत फारसं येतच नाही. नियम नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरला बांधतो, १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून फोन करणाऱ्याला. तुम्हाला दुपारी अडीचला प्लॉट विकणारा साध्या दहा आकडी मोबाइलवरून बोलत असतो. त्याची कुठेच नोंद नाही. ७२ चौकोनांचा तो सुंदर तक्ता त्याने पाहिलेलाही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने ही भोकं बुजवायचा प्रयत्न केला. आधी तक्रार तीन दिवसांत करावी लागायची, आता सात. आधी सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई, आता दहा दिवसांत पाच. चांगलं झालं. पण हे पुढचं प्रकरण आहे, आणि त्यात पात्र बदललंय. आधीच्या मजकुरातला नागरिक आपला दिवस आखत होता, या मजकुरातला तक्रारी मोजतोय.

(जाता जाता: याच २०१८ च्या नियमांनी कंपन्यांना प्रत्येक एसएमएसचा मसुदा आधी नोंदवायला लावला, रिकाम्या जागांसकट. ८ मार्च २०२१ ला नोंदलेल्या मसुद्याशी न जुळणारा संदेश अडवायला सुरुवात झाली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. ट्रायला आठवडाभर ते थांबवावं लागलं. नियम शब्दशः वाचणारा वाचक मिळाला की काय होतं, ते त्या दिवशी कळलं. तो वाचक मशीन होता.)

आता ज्यामुळे हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

माझं फंक्शन नंबरच्या पहिल्या तीन आकड्यांवरून राज्य ओळखायचं आणि राज्यावरून वेळ. लँडलाइनच्या जमान्यात ते बरोबर होतं. पण अमेरिकेत माणूस मोबाइल नंबर घेऊन कुठेही राहायला जातो. एका नोव्हेंबरात आमच्या डायलरने न्यूयॉर्कचा एक नंबर तिथल्या सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी लावला. ज्या बाईंचा तो नंबर होता त्या कॅलिफोर्नियात राहत होत्या. त्यांच्याकडे पहाटेचे पाच वाजून चार मिनिटं झाली होती. त्यांनी नंतर तक्रारीचा ईमेल पाठवला म्हणून ते रेकॉर्डिंग माझ्यापर्यंत आलं.

पहिल्या रिंगला फोन उचललाय. आमची एजंट, चिंचवडची मुलगी, कामापुरतं नाव ग्रेस, स्क्रिप्टमधलं ‘गुड मॉर्निंग’ म्हणायच्या आधीच पलीकडून प्रश्न येतो: ‘कुठल्या हॉस्पिटलमध्ये?’

चार सेकंद शांतता आहे. मी ती मोजली आहे, पट्टीवर आकडे दिसतात. मग ग्रेस विम्याचं स्क्रिप्ट वाचायला लागते. बाई म्हणतात, ‘ओह, थँक गॉड,’ आणि फोन ठेवतात.

आमच्या घरी रात्री साडेदहानंतर लँडलाइन वाजली की आई हातातलं टाकून आधी देवघराकडे बघायची आणि बाबा उचलायच्या आधी म्हणायचे, ‘कोण गेलं?’ तो फोन बहुधा राँग नंबर असायचा. अवेळी आलेला फोन कशाचा असतो हे कॅलिफोर्नियातल्या त्या बाईंना आणि धायरीतल्या माझ्या आईला सारखंच माहीत होतं. टीसीपीए, एफसीसी, ट्राय, सगळे ज्या गोष्टीला ‘उपद्रव’ म्हणतात ती ही नव्हे. उपद्रव म्हणजे जेवताना पंखा विकणं. पहाटे पाचला वाजणारी रिंग उचलेपर्यंतच्या दोन सेकंदांत माणूस कुणाला तरी मारून मोकळा होतो.

मी चूक कबूल करणारा मेल लिहिला. अमुक नियमाचा भंग झालाय, कारण अमुक, दुरुस्ती अशी. दोन दिवसांनी ग्राहक कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं, आणि ते माझ्या वाचनातलं सगळ्यात शिकवणारं समीक्षण होतं. त्याचं म्हणणं, नियम मोडलेलाच नाही. तुम्ही वाक्य वाचलंत, व्याख्या वाचली नाहीत.

मी मागे जाऊन व्याख्या वाचली. आठ ते नऊची अट आहे ती ‘टेलिफोन सॉलिसिटेशन’ला. आणि पुढे कितीतरी परिच्छेदांनंतर, जिथे या शब्दाचा अर्थ दिलाय, तिथे म्हटलंय की ज्या माणसाने आधी स्पष्ट आमंत्रण किंवा परवानगी दिलीय त्याला केलेला फोन हा ‘सॉलिसिटेशन’ नव्हेच. बाईंनी पाच महिन्यांपूर्वी एका वेबसाइटवर गाडीच्या विम्याचे दर बघण्यासाठी फॉर्म भरला होता. हिरव्या बटणाखाली राखाडी अक्षरांत एक वाक्य होतं. बटण दाबलं की परवानगी दिली. आमच्या डेटाबेसमध्ये त्यांच्या नावापुढे संमतीच्या रकान्यात ‘हो’ होतं, तारीख होती, सेकंदासकट वेळ होती. व्यापार आयोगाचा नियम तर हे लपवतही नाही. त्याचं वेळेचं कलम ‘पूर्वसंमतीशिवाय’ या अर्थाच्या शब्दांनीच सुरू होतं.

म्हणजे रात्रीभोवती भिंत आहे, भिंतीला दार आहे, आणि दाराची किल्ली म्हणजे ‘संमती’. वकिलाचं वाचन तांत्रिकदृष्ट्या अगदीच फेकण्यासारखं नव्हतं. हा वाद अमेरिकेत आज उघडपणे चालू आहे. मार्च २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांच्या एका संघटनेने एफसीसीकडे अर्ज केला, की ज्या ग्राहकाने आमच्या संदेशांना संमती दिलीय त्याला ‘ते अवेळी आले’ म्हणून दावा लावता येणार नाही, असं एकदा जाहीर करा. माझ्या मते हा या सगळ्या मजकुरांमधला खरा प्रश्न आहे. दुपारी बटण दाबणाऱ्या माणसाने पहाटे पाचलाही हो म्हटलंय का?

इथे एक सिनेमा आठवतो. बूट्स रायलीचा ‘सॉरी टू बॉदर यू’, २०१८ चा. ओकलंडमधला कॅशस ग्रीन नावाचा एक कडका तरुण टेलिमार्केटिंगच्या नोकरीला लागतो. नंबर लागला की त्याचं टेबल, खुर्ची, हेडसेटसकट तो वरून धाडकन समोरच्याच्या घरात पडतो. कुणी जेवायला बसलंय, कुणी बिछान्यात आहे, एका बाईचा नवरा गंभीर आजारी आहे आणि हा तिच्यासमोर टेबलाशी बसून विकतोय. भिंतीवरचं घोषवाक्य सांगतं, स्क्रिप्ट सोडू नका. सिनेमा पुढे फारच भलतीकडे जातो, शेवटच्या अर्ध्या तासात मला तो हातातून निसटल्यासारखा वाटला. पण ते पडणारं टेबल मी विसरू शकत नाही, कारण तारेची दोन्ही टोकं एकाच चौकटीत दाखवणं मला कुठल्याच कायद्यात सापडलं नव्हतं. कायद्यात घर असतं आणि घरात वाजणारा फोन असतो. टेबलाशी बसलेलं कुणी नसतं. पडताना त्यालाही लागतं, हे तर नसतंच.

त्या टेबलाशी बसलेल्या माणसाचा कायदा वेगळा आहे, आणि तो मी बऱ्याच उशिरा वाचला. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना अधिनियम. त्यात म्हटलंय, स्त्री कामगाराला सकाळी सात ते रात्री साडेनऊ या वेळेबाहेर कामावर ठेवायचं नाही. वाचून मी पुन्हा वर बघितलं. तेच वाक्य! वेळ आखून दिलेली, रात्र राखून ठेवलेली. आणि लगेच पुढे दार: तिची संमती असेल तर रात्री साडेनऊ ते सकाळी सात काम करू देता येईल, मालकाने तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत वाहनाची सोय केली म्हणजे झालं. मी या दाराच्या विरोधात नाही. जुन्या कायद्याने बायकांना रात्री सरसकट घरी बसवलं होतं आणि त्यात त्यांचे पगार बुडत होते. ग्रेसच्या पगारात दोन भावंडांची शिक्षणं चालली होती. रात्र बंद ठेवली असती तर तिचंच नुकसान होतं.

पण ती संमती कशी घेतली जाते ते मी पाहिलंय. रुजू होण्याच्या दिवशी चौदा पानांचा गठ्ठा मिळतो. पीएफच्या नॉमिनेशनचा फॉर्म, लॅपटॉप मोडला तर भरपाईचा फॉर्म आणि रात्रपाळीच्या संमतीचा फॉर्म, सगळं एकाच पिनने टाचलेलं, फुल्या मारून ठेवलेल्या. एचआरची मुलगी म्हणते, इथे, इथे आणि इथे. तिथे राखाडी अक्षरं आणि हिरवं बटण, इथे टाचणी आणि फुली. त्या नोव्हेंबरच्या फोनवर दोन बायका बोलत होत्या. एकीची झोप एका कायद्याने राखली होती आणि दुसरीची दुसऱ्याने. दोघींनीही आपापल्या रात्रीची किल्ली देऊन टाकली होती. त्यातल्या एकीला तरी ते कळलं होतं का, मला शंका आहे.

संमती हा आपल्या पिढीचा आवडता शब्द आहे आणि तो योग्य कारणांसाठी आवडता आहे. फ्रान्सनेही शेवटी तोच मार्ग धरला. जून २०२५ च्या कायद्याने ऑगस्ट २०२६ पासून आधी संमती नसेल तर फोनच करायचा नाही असं ठरवलं. दहा ते एक, दोन ते आठ या घड्याळापेक्षा हे पुढचं पाऊल आहे असं सगळीकडे लिहून आलंय. असेलही. माझी अडचण एवढीच की मी संमतीचा रकाना आतून पाहिलाय. नंबरांच्या याद्या विकत येतात. त्यांच्यात तो रकाना आधीच भरलेला असतो, सगळ्या ओळींत ‘हो’. घड्याळाच्या बाबतीत असं करता येत नाही. पहाटेचे पाच वाजून चार मिनिटं कुणी विकत घेऊन आठ करू शकत नाही. मला ज्या काही अटी कोडमध्ये लिहायला सांगितल्या गेल्या, त्यांतली वेळ ही एकच होती जी माझी मला तपासता येत होती. बाकी सगळ्यांवर विश्वास ठेवावा लागायचा.

म्हणून या सगळ्या वाचनातलं मला सगळ्यात चांगलं वाटलेलं वाक्य एका रुक्ष परिपत्रकात सापडलं. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जवसुली करणाऱ्यांसाठी ते काढलं. त्यात काय करायचं नाही याची यादी आहे: धमकावणं, नाव न सांगता फोन करणं, सतत फोन करणं, आणि त्याच दमात सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करणं. अवेळी फोन करणं हे तिथे धमकीच्या पंगतीला बसवलंय. मायक्रोफायनान्सच्या कर्जदारासाठी तर त्याच वर्षीच्या निर्देशांत वेळ आणखी आवळलीय, नऊ ते सहा. ज्याच्याकडे सगळ्यात कमी, त्याचा फोन वाजण्याचा दिवस सगळ्यात लहान. हे लिहिणाऱ्याने माणूस पाहिलाय. आणि या वाक्याला दार नाही. कर्जदाराने संमती दिली असेल तर चालेल, असं त्यात म्हटलेलं नाही. पैसे देणं लागणाऱ्या माणसाकडून सही घेणं किती सोपं असतं, हे बँकांच्या बँकेला ठाऊक असणारच. विकणाऱ्यांच्या नियमांत हे शहाणपण का आलं नाही, याचं उत्तर बहुधा एवढंच की तिथे ग्राहकाला स्वतंत्र समजलं जातं आणि इथे अडकलेला. हिरवं बटण दाबणारा माणूस नक्की कुठल्या खान्यात बसतो?

माझ्या जुन्या फंक्शनमध्ये क्रम असा होता: आधी संमती बघा, असेल तर लगेच ‘हो’ म्हणून बाहेर पडा, नसेल तर वेळ बघा. हा क्रम मी लिहिला नव्हता, पण माझ्या हाताखालून गेला होता. मी तो उलटा केला. आधी वेळ. नंबरवरून निघणारी वेळ आणि पत्त्यावरून निघणारी वेळ, दोन्ही ठिकाणी आठ वाजून गेले असतील आणि दोन्ही ठिकाणी नऊ वाजायचे असतील तरच पुढे जायचं. संमती त्यानंतर. सहा ओळींचा बदल. वरिष्ठांनी वाचून विचारलं, ‘ही क्लायंटची रिक्वायरमेंट आहे का?’ नव्हती. मी रेकॉर्डिंगची लिंक पाठवली. त्यांनी ते ऐकलं असावं, कारण उत्तर यायला दुसरा दिवस उजाडला. ‘घालूया. पण फ्लॅगमागे ठेव. डिफॉल्ट ऑफ.’

मी तसंच केलं. नोकरी सोडली तेव्हा तेरांपैकी दोन ग्राहकांनी तो फ्लॅग चालू केला होता. ग्रेस तोपर्यंत दिवसाच्या शिफ्टच्या एका बँकेत गेली होती, वसुलीच्या विभागात. मध्ये एकदा भेटली तेव्हा म्हणाली, इथे बरं आहे, सातला सिस्टीम आपोआप बंद होते.